येलो लॅब खरंच शांत असतो का? तीन फुटी टाकी, धरणाचं पाणी

कोथरूडची_टाकी:

नमस्कार मंडळी. ३६ × १८ × १८ इंची टाकी (८ एमएम काच) रिकामी पडून आहे. तीत सिक्लिड कुळातले आफ्रिकन मासे ठेवायचे आहेत, पण रोज उठून एकमेकांचे पर कुरतडणारे नकोत. जो तो एकच नाव सांगतो: इलेक्ट्रिक येलो, म्हणजे येलो लॅब.

सामान असं आहे: मागे टांगायचा फिल्टर (खोक्यावर ताशी ६०० लिटर लिहिलंय), एअर पंपावरचा एक स्पंज फिल्टर, १०० वॅटचा एक हीटर. पाणी महापालिकेच्या नळाचं, म्हणजे धरणातलंच. पाणी तपासायच्या लिक्विड किटवर पीएच (आम्ल-अल्कपणा) ७.२, केएच (पीएच टिकवणारे कार्बोनेट) ३, जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा) ४ आलं. गच्चीवर शहाबादी फरशीचे तुकडे आहेत, ते टाकीत चालतील का?

दुकानदार म्हणतो, "बारा मिक्स आफ्रिकन घेऊन जा, लहानपणापासून एकत्र वाढले की भांडत नाहीत. वरून मूठभर मीठ टाका, बास." हे कितपत खरं? येलो लॅब किती ठेवावेत, सोबतीला काय चालेल, पाण्याचं काय करायचं, खायला काय द्यायचं, तपशिलात सांगा. दुसऱ्या टाकीत गप्पी आहेत, जागा उरली तर तेही यात टाकता येतील का?

खडकमासा:

दादा, त्या "मिक्स आफ्रिकन"च्या बाबतीत तरी दुकानदाराचं ऐकू नका. मासे लहानपणी भांडत नाहीत हे खरं. पाच-सहा सेंटिमीटरचे झाले, वयात आले की सुरू होतात, आणि तोवर दुकानदार परत घेत नाही.

आधी "शांत" म्हणजे कुणाच्या मानाने शांत ते बघू. येलो लॅब (लॅबिडोक्रोमिस सेरुलियस) हा मलावी सरोवरातला मासा. तिथल्या खडकांत राहणाऱ्या सिक्लिडांना स्थानिक टोंगा भाषेत म्बुना म्हणतात. बहुतेक म्बुना खडकावरचं शेवाळ खरवडून जगतात. खडकाचा तुकडा हेच त्यांचं शेत, आणि शेत म्हटलं की बांधावरून भांडणं आलीच. येलो लॅबचं पोट शेवाळावर चालत नाही. तो फिरत फिरत कपारींतल्या अळ्या, बारीक गोगलगायी, पाणकिडे वेचतो. त्याचे पुढचे दात चिमट्यासारखे असतात, आणि ग्रीकमध्ये लाबिस म्हणजे चिमटाच. राखायला शेत नाही, म्हणून बांधाचं भांडणही कमी. पण तो म्बुनाच आहे. अंगाशी आला तर चावतो, आणि दोन तुल्यबळ नर, कमी माद्या, अपुऱ्या कपारी एवढं जमलं की त्यालाही चेव चढतो. गप्पी टाकलेत तर दोन दिवसांत दिसेनासे होतील. टाकू नका.

आता खरेदी. ही जात १९५६ साली फ्रायर यांनी नोंदवली ती न्खाटा बे भागातल्या फिकट निळसर-पांढऱ्या माशांवरून. म्हणून नावात निळा (सेरुलियस म्हणजे निळा) आणि दुकानात पिवळा. पिवळा प्रकार त्याच किनाऱ्यावर थोडा उत्तरेला, लायन्स कोव्हच्या आसपास सापडतो. दुकानात "येलो" म्हणून काहीही गळ्यात मारतात, तेव्हा बघायचं ते असं. अंग सलग लिंबासारखं पिवळं. पाठीवरच्या पराला पुढून मागेपर्यंत अखंड काळी कड. अंगावर आडवे पट्टे असतील आणि ते काळे-पांढरे असतील तर तो ऑराटस, म्बुनांमधला नामचीन गुंड. त्याची पिल्लं आणि माद्या पिवळ्या असतात, त्यावर लोक फसतात. मोठा पिवळा मासा आणि अंगावर पुसट उभे पट्टे दिसले तर तो केन्यीचा नर असण्याची शक्यता जास्त (केन्यीच्या माद्या आणि पिल्लं निळी असतात). तोही नको. तिसरा घोटाळा संकराचा: येलो लॅब आणि रेड झेब्रा (आणखी एक म्बुना) यांचं सहज जमतं. पिवळ्यात नारिंगी झाक, पाठीवरची काळी कड तुटक, कपाळ बोजड दिसलं तर सोडून द्या, भले दहा रुपये स्वस्त मिळो.

संख्या: तीन-चार सेंटिमीटरची आठ पिल्लं घ्या, एकाच वेळी. चार घेतलीत तर सगळा मार एकाच माशाला पडतो, आठांत तो वाटला जातो. टाकीत हे दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत वाढतात. मोठे झाल्यावर एक नर आणि पाच माद्या राहतील असं बघा, जादा नर दुकानात द्या. नर-मादी ओळखणं मात्र कटकटीचं. नराचे पोटाखालचे आणि शेपटीजवळचे खालचे पर काळेभोर असतात, हनुवटीखाली काळपट छटा येते. पण दबंग मादीही अशीच दिसते. खात्री हवी तर मासा सहा सेंटिमीटरचा झाल्यावर ओल्या जाळीत उलटा धरून पोटाकडून दोन छिद्रं बघायची. डोक्याकडचं गुदद्वार, शेपटीकडचं जननद्वार. दोन्ही सारखी बारीक असली तर नर. मागचं ठळकपणे मोठं असलं तर मादी. दहा सेकंदांत बघून सोडायचं.

सोबतीला तीन फुटांत काही नको, हेच माझं मत. फारच वाटलं तर रस्टी (आयोडोट्रोफियस स्प्रेंगेरी) चार-पाच, तेही येलो लॅबची संख्या सहावर आणून. असेई आणि पीकॉक हे दुसरे मलावी सिक्लिड चार फुटांच्या टाकीचे गडी आहेत. तळाला ब्रिसलनोज प्लेको (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) एक चालतो.

केएच_सात:

पाण्याचं मी सांगतो.

३६ × १८ × १८ म्हणजे काठोकाठ १९० लिटर. दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा केली की पाणी भरतं साधारण १५० लिटर. पुढचे सगळे हिशोब १५० वर.

मूठभर मिठाचा इथे उपयोग नाही. खाण्याच्या मिठाने ना केएच वाढत ना जीएच. मलावी गोड्या पाण्याचं सरोवर आहे. तिथला पीएच ७.७ ते ८.६, केएच ६ ते ८, जीएच ४ ते ६ च्या घरात. म्हणजे तुमचा जीएच आहे तेवढा पुरेसा आहे. लोक एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) ओतून तो १५-२० वर नेतात, ते उगाच. कमी आहे तो केएच. आणि केएच कमी असेल तर पीएच टिकत नाही. फिल्टरमधले बॅक्टेरिया माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं नायट्रेट करताना केएच खातात. तीनचा केएच दोन-तीन महिन्यांत एकवर येतो आणि एके सकाळी पीएच साडेसहावर घसरलेला सापडतो.

उपाय स्वस्त आहे: खायचा सोडा. बेकिंग पावडर नाही, पापडखार नाही, धुण्याचा सोडा तर नाहीच. एका लिटरला ३० मिलिग्रॅम सोडा टाकला की केएच १ ने वाढतो. तीनवरून सातवर न्यायचा म्हणजे ४ × ३० × १५० = १८ ग्रॅम. मासे नसताना हा एकदम टाकला तरी चालतो. मासे आल्यावर मात्र टाकीत सोडा टाकायचा नाही, बदलाच्या पाण्यातच. दर आठवड्याला ४० लिटर बदलणार असाल तर त्यात ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमच्यापेक्षा किंचित कमी. चमच्याच्या अंदाजापेक्षा वीस ग्रॅमपर्यंत नीट मोजणारा छोटा काटा घेतलात तर उत्तम. केएच सात आणि वरचं पाणी चांगलं हलतं असेल तर पीएच आपोआप ७.८ ते ८.२ मध्ये बसतो. वेगळी पीएच-अपची बाटली लागत नाही.

उन्हाळ्यात पाणी वाफेने कमी होतं तेव्हा वरून भर घालताना साधं नळाचं पाणी, सोडा न टाकता. वाफेबरोबर सोडा उडून जात नाही. हे विसरल्याने केएच हळूहळू पंधरावर गेलेल्या टाक्या असतात.

क्लोरीन घालवायला हायपोचे (सोडियम थायोसल्फेट) खडे. १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. ४० लिटर नळाच्या पाण्याला त्यातले ६ मिली पुरतात, क्लोरीन लिटरला २ मिलिग्रॅम असला तरी. बादलीत टाकून ढवळायचं, पाच मिनिटांनी टाकीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवीन टाकीत मासे टाकून "बघू काय होतं ते" हा प्रकार साध्या टाकीत कदाचित निभावतो, इथे नाही. अमोनियाचा विषारी भाग पीएचबरोबर वाढतो. २५ अंशाला पीएच ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर, ८.४ ला बारा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे किटवर तोच हिरवा रंग दिसेल आणि मासा मात्र दहापट भाजेल.

तर टाकी माशांशिवाय पिकवायची, म्हणजे अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये आधी वाढवायचे. अमोनियाचा स्रोत म्हणून नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाल्यांकडचा शुद्ध असेलच असं नाही, प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातली लहान बाटली घ्या. १५० लिटरला १ ग्रॅम टाकला की अमोनिया २ पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) आसपास येतो. हीटर २७-२८ वर, फिल्टर अखंड चालू, शक्य असेल तर एखाद्या चालत्या टाकीतला मळका स्पंज आपल्या फिल्टरच्या तोंडाशी पिळायचा. दोन-तीन दिवसांनी तपासत राहायचं. अमोनिया अर्ध्या पीपीएमखाली आला की परत १ ग्रॅम. मध्ये नायट्राइट (अमोनियाचं नायट्रेट होतानाची मधली पायरी) खूप चढतं आणि बरेच दिवस उतरत नाही. तिथे माणसाचा धीर सुटतो. काहीही टाकू नका, थांबा. ज्या दिवशी २ पीपीएमचा डोस चोवीस तासांत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य असा दिसेल त्या दिवशी टाकी तयार. चार ते सहा आठवडे धरा. मग ७० टक्के पाणी बदला, साठलेलं नायट्रेट काढा, बदलाच्या पाण्यात त्याच हिशोबाने सोडा घाला, हीटर २५ वर आणा, दुसऱ्या दिवशी मासे.

फिल्टर कमी पडतोय. म्बुनांना टाकीच्या सहापट पाणी दर तासाला फिरायला हवं, म्हणजे ताशी ९०० लिटर तरी. तुमचा ६०० वाला आत स्पंज आणि सिरॅमिक रिंगा भरल्यावर ६०० देत नाही. तेवढाच आणखी एक लावा, स्पंज फिल्टर राहू द्या. वीज गेली की तोच कामाचा. त्याच्या एअर पंपाला इन्व्हर्टरची लाइन द्या, किंवा बॅटरीवर आपोआप सुरू होणारा पंप घ्या. हीटर एकच २०० वॅटचा घेण्यापेक्षा १०० चे दोन. एक चिकटून चालूच राहिला तरी मासे शिजत नाहीत, एक बंद पडला तरी गारठत नाहीत.

कोथरूडची_टाकी:

केएच दादा, हिशोब वहीत उतरवून घेतला. शहाबादीचं मात्र कुणी बोललं नाही. आणि एका ठिकाणी कोरल चिप्स टाका असं वाचलं, त्याने पीएच आपोआप चढतो म्हणे. रत्नागिरीला जाणं होतं, तिकडून किनाऱ्यावरचे कोरलचे तुकडे आणले तर?

शिंपला:

कोरल आणू नका. कठीण सांगाड्याची प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेला तुकडा उचलला तरी तो गुन्ह्यातच बसतो. गरजही नाही. कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात शिंपल्यांचा चुरा मिळतो, अंड्याची कवचं घट्ट व्हावीत म्हणून घालतात तो. तेच कॅल्शियम कार्बोनेट. अर्धा किलो घ्या, पाणी नितळ येईपर्यंत धुवा, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये किंवा फिल्टरच्या धारेखाली ठेवा. तीन-चार महिन्यांनी पिशवी हातात घेऊन बघा, चुरा निम्मा झाला असेल तर भर घाला. पण एवढ्यावर विसंबू नका. पीएच पावणेआठच्या आसपास गेला की चुरा विरघळायचा जवळजवळ थांबतो. सोडा नेमाने, चुरा आधाराला.

शहाबादी चालेल, आणि छान चालेल. ती चुनखडकच आहे, त्यामुळे केएच-जीएच दोन्हीला हळूहळू हातभार लावते. तीन गोष्टी बघा. पहिलं, फरशीला चिकटलेलं सिमेंट. ताज्या सिमेंटमधला चुना पीएच दहाच्या वर नेऊ शकतो. छिन्नीने सगळं काढा, नाहीतर तो तुकडा बाजूला ठेवा. दुसरं, पॉलिश. तेल किंवा मेण मारलेली फरशी नको. कडप्प्याला हे हमखास केलेलं असतं. तिसरं, कापलेल्या कडा. येलो लॅब दचकला की डोळे मिटून कपारीत घुसतो, अंगाचे खवले सोलून निघतात. कडा जाड सँडपेपरने किंवा ग्राइंडरने बोथट करा.

दगड चुन्याचा आहे की नाही हे कळत नसेल तर बाथरूम साफ करायच्या अ‍ॅसिडचा एक थेंब, गच्चीत, हातमोजे घालून. फसफसला तर चुना आहे, नंतर भरपूर पाण्याने धुवायचं. आपला काळा पाषाण फसफसत नाही, म्हणजे पाण्याला ना देणं ना घेणं. तोही बिनधास्त वापरा. फक्त त्याच्या पोकळ्यांत कधी चमकदार पांढरे स्फटिक असतात, त्यांतले काही फसफसतील. या टाकीत त्याने बिघडत काही नाही. जांभा मात्र नको, तो झिजून पाणी गढूळ करतो.

रचना करताना वाळूवर दगड ठेवायचे नाहीत. हे मासे तोंडाने वाळू उकरतात, आणि खालची वाळू सरकली की फरशी थेट काचेवर येते. आधी तळाला प्लॅस्टिकची जाडसर जाळी, तिच्यावर दगड, मग भोवतीने वाळू. तीन-साडेतीन सेंटिमीटर थराला साधारण वीस किलो लागते. फरशीचे तुकडे एकावर एक, मध्ये पाषाणाचे लहान धोंडे अशी मांडणी केली की आपोआप मजले तयार होतात. सांधे अ‍ॅक्वेरियमच्या सिलिकॉनने जोडा (बुरशीरोधक सिलिकॉन नको, त्यात विष असतं) आणि दोन दिवस सुकू द्या. ढीग दोन करा, डावा आणि उजवा, मध्ये वीतभर मोकळं. उंची टाकीच्या दोन तृतीयांश. प्रत्येक कपारीला दोन तोंडं ठेवा. एकच तोंड असलं की मार खाणारा आत अडकतो आणि मारणारा दारात उभा राहतो.

आणखी एक, स्टँडचं बोललाच नाहीत. पाणी दीडशे किलो, काच तीसेक, दगड-वाळू पन्नास. सव्वादोनशे किलो होतात. टाकीखाली थर्माकोलची शीट विसरू नका.

करवंटी:

मी जरा उलटं बोलतो, रागावू नका. शांत आफ्रिकन सिक्लिड हवा, पाणी मऊ, टाकी तीन फुटी. मग मलावीच कशाला? पश्चिम आफ्रिकेतला क्रिब (पेल्विकाक्रोमिस पल्चर) बघा. नायजेरिया, कॅमेरूनच्या ओढ्या-नद्यांतला. तुमचं पीएच ७.२, केएच ३ चं पाणी त्याला जसंच्या तसं चालतं. सोडा नाही, चुरा नाही. क्लोरीन काढा आणि ओता. झाडं लावता येतात, उपटत नाही. एक जोडी, गुहा म्हणून अर्धी करवंटी काठाला अंगठ्याएवढं भोक पाडून पालथी घातली की संसार सुरू. मादी नरापेक्षा देखणी, अंडी घालायच्या दिवसांत पोट पिकल्या करवंदासारखं लाल-जांभळं. वरच्या थरात आठ-दहा झेब्रा दानियो सोडा, म्हणजे क्रिब बुजत नाहीत.

खोट एकच. पिल्लं झाली की आई-बाप मिळून निम्मी टाकी बळकावतात. तळाशी वावरणारे कोरीडोरास वगैरे असतील तर त्यांची धडगत नाही. आणि एक गंमत: अंडी-पिल्लांच्या दिवसांत पाणी आम्लधर्मी असेल तर नर जास्त निपजतात, सातच्या आसपास असेल तर माद्या.

खडकमासा:

करवंटी भाऊंचं म्हणणं पटण्यासारखं आहे. ज्याला आठवड्याला पाच ग्रॅम सोडा मोजायचाही कंटाळा आहे त्याने क्रिबच घ्यावा. पण दगडांच्या ढिगातून आठ पिवळे मासे सतत ये-जा करताना बघायचे असतील तर क्रिबची जोडी ती हौस पुरवत नाही. दोन्ही एकत्र मात्र कधीच नको. क्रिबला पाणी चालेल, पण म्बुनांची धसमुसळ झेपणार नाही.

खाण्याचं राहिलं होतं. येलो लॅब कीटक खाणारा असल्याने त्याला निव्वळ पालेभाजीवर ठेवायची गरज नाही. स्पिरुलिना असलेले बारीक दाणे हे रोजचं जेवण, दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल एवढंच. आठवड्यातून एक उपास. ट्युबिफेक्स किड्यांच्या वड्या, बीफ हार्ट किंवा मटणाचे तुकडे अजिबात नको. सस्तन प्राण्यांची चरबी त्यांच्या आतड्याला मानवत नाही.

घरी करायचं तर २०० ग्रॅम सोललेली कोळंबी, १५० ग्रॅम उकडून साल काढलेला मटार, १०० ग्रॅम वाफवलेला पालक मिक्सरला लावा. मीठ-मसाला काही नाही. १० ग्रॅम चायनाग्रास २५० मिली पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, हाताला सोसेल इतपत निवू द्या आणि गोळा होण्याआधी त्यात हे वाटण कालवा. झिप पिशवीत पातळ पसरून फ्रीझरला. रोज नखाएवढा तुकडा. जाड थर लावलात तर तोडताना सुरीच लागते.

आता पोट फुगण्याचा रोग, ज्याला मलावी ब्लोट म्हणतात. पहिली खूण पोट फुगणं नव्हे. पहिली खूण अशी: मासा जेवायला वर येतो, दाणा तोंडात घेतो आणि थुंकतो. मग पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा. मग कोपऱ्यात जोरजोरात श्वास. पोट फुगलेलं दिसतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. नेमकं एक कारण सांगता येत नाही. घाण पाणी, चुकीचं खाणं, सततची मारझोड यांनी मासा खचला की आतड्यातले परजीवी उचल खातात, असं बहुतेकजण मानतात. थुंकणारा मासा दिसला त्याच दिवशी ४० लिटरच्या वेगळ्या टाकीत घ्या. पाणी मुख्य टाकीतलंच, स्पंज फिल्टर, कार्बन काढलेला. मेट्रोनिडाझोल २५० मिलिग्रॅम चुरून, विरघळवून ४० लिटरला. ४८ तासांनी ३० टक्के पाणी बदलून परत तेवढाच डोस. असे तीन डोस. गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही, प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन लिहून घ्या. सोबत एप्सम सॉल्ट २० लिटरला एक मोठा चमचा. मुख्य टाकीचं त्याच दिवशी निम्मं पाणी बदला आणि दोन दिवस खाणं बंद. बाकीचे थुंकत नाहीत ना, हे त्यानंतर आठवडाभर बघत राहा.

केएच_सात:

उन्हाळ्याचं एक राहिलं. एप्रिल-मेमध्ये बंद खोलीत टाकीचं पाणी ३१-३२ ला जातं. २५ अंशाला पाण्यात जास्तीत जास्त ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ ला ७.३. मासे वर येऊन तोंड उघडायला लागले की लोक बर्फ टाकतात, तो झटका वेगळाच. झाकण काढून बारीक जाळी ठेवा (येलो लॅब उडी मारतो) आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका टेबल फॅन लावा. दोन-तीन अंश सहज उतरतं. त्या दिवसांत खाणं निम्मं.

कोथरूडची_टाकी:

शेवटचा प्रश्न. मादीने अंडी तोंडात धरली तर काय करायचं? मुख्य टाकीतच राहू द्यायची का?

शिंपला:

राहू द्यायची की हलवायची, हे पिल्लं हवीत का यावर आहे. नको असतील तर काहीच करू नका. दगड भरपूर असतील तर एखाद-दुसरं पिल्लू कपारीत वाढतं, बाकी पोटात जातात.

हवी असतील तर अशी ओळख. मादीचा गळा पिशवीसारखा खाली उतरतो, तोंड पूर्ण मिटत नाही, मधूनमधून चूळ भरल्यासारखा जबडा हलवते (आतली अंडी उलटसुलट करते) आणि जेवायला येत नाही. दहा ते वीस अंडी असतात, क्वचित जास्त. २५-२६ अंशाला तीन ते चार आठवडे तोंडात ठेवते. पहिलटकरीण असेल तर तिसऱ्या-पाचव्या दिवशी गळा रिकामा दिसेल, गिळलेली असतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जमतं.

हलवायची ती अठराव्या दिवसाच्या सुमारास. लवकर हलवलीत तर घाबरून थुंकते नाहीतर गिळते. उशीर केलात तर मुख्य टाकीतच सोडून देते. रात्री दिवे बंद करून, टॉर्चच्या उजेडात, जाळीने हाकलत नेऊन पाण्याखालीच मोठ्या मगमध्ये घ्यायची. हवेत काढली की थुंकण्याची भीती. ३०-४० लिटरची टाकी, पाणी मुख्य टाकीतलं, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, बास. पिल्लं बाहेर येतात तीच सेंटिमीटरभर लांब, पोटातला बलक संपवून. पहिल्या दिवसापासून बोटांनी पूड केलेले दाणे खातात. आर्टेमिया (कोळंबीसारखे अगदी बारीक जीव) उबवून दिलात तर वाढ झपाट्याने होते. दिवसातून चार वेळा, चिमटीत मावेल त्याहून कमी. तीन सेंटिमीटरची होईपर्यंत मोठ्यांत सोडू नका.

पिल्लं जास्त झाली की दुकानात द्या, ओळखीपाळखीत द्या, पण मुठेत किंवा पाषाण तलावात सोडायला जाऊ नका. उजनीत जाळ्याला लागणारी चिलापी हाही आफ्रिकन सिक्लिडच. १९५२ मध्ये भारतात आणला आणि आता काढता येत नाही.

आणि मादी. महिनाभर उपाशी राहून ती हाडकुळी झालेली असते. पिल्लं सुटली की तिला लगेच मुख्य टाकीत टाकू नका, नर दुसऱ्याच दिवशी मागे लागतो. त्याच छोट्या टाकीत मध्ये काचेचा किंवा जाळीचा पडदा घालून आठवडाभर दिवसातून तीनदा खाऊ घाला, पोट भरलेलं दिसलं की परत. सोडताना रात्री, दिवे घालवून, आणि आधी दोन-चार सुटे दगड इकडचे तिकडे करून. मांडणी बदललेली असली की सगळेच आपली जागा शोधण्यात गुंततात आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.